पन्हाळ्याच्या पायथ्याला फक्कीच्या रेघा

वर्षावास संपला की आमच्या मंडळाची एक सहल निघते. देवदर्शनाची नव्हे; लेणी, विहार, एखादे जुने ठिकाण पाहावे, बरोबरच्या मुलाबाळांना चार गोष्टी सांगाव्यात आणि झाडाखाली बसून भाकरी खावी, एवढाच बेत असतो. २०२५ सालच्या वर्षावासानंतर आम्ही पन्हाळ्याला जाण्याचे ठरविले. त्याला एक कारण घडले. गडाच्या पायथ्याच्या एका गावातील बौद्धवाड्यातून निरोप आला होता, "एकदा येऊन आमची कागदं तेवढी बघून जावा." गावाचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि त्या लोकांना रोज त्याच गावात राहायचे आहे.

लहानमोठे धरून आम्ही सतरा जण होतो. कोल्हापूर सोडून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. केर्ली मागे पडली आणि जोतिबाच्या डोंगराकडे वळून आम्ही आधी पोहाळ्याची लेणी पाहिली. जोतिबाला हजारो माणसे जातात, परंतु पायथ्याच्या या बौद्ध लेण्यांकडे वळणारी थोडीच. खांबांचा विहार, बाजूला भिक्खूंच्या कोरीव खोल्या. तेथे त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज आत घुमला तशी लहान मुले हरखली आणि पुन्हा पुन्हा 'बुद्धं सरणं' म्हणू लागली.

एका मुलीने विचारले, "भंते लोक एवढ्या रानात का राहत होते?" प्रश्न चांगला होता. तेव्हा हे नुसते रान नव्हते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळातील भरभराटीच्या वस्तीचे अवशेष निघाले. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापार या मुलुखातून जात होता. वस्तीपासून फार दूर नाही, फार जवळ नाही, अशा जागी भिक्खूसंघ राहत असे. सह्याद्रीतील कोणतेही लेणे पाहा, विहाराच्या जवळ पाण्याची पोढी कोरलेली बहुधा सापडतेच. माणसाने कोठे राहावे हे ठरविताना पाणी पाहायचे, हा विचार त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी केला होता. हे आम्ही त्या वेळी सहज बोलून गेलो. दुपारी तेच बोलणे निराळ्या तऱ्हेने पुढे आले.

तेथून परत रत्नागिरी रस्त्याला लागलो. या रस्त्याच्या चौपदरीकरणाने सगळा मुलूख बदलला आहे. पूर्वी वाघबीळपर्यंत चहाची टपरी आणि रसवंतीगृह एवढेच दिसे. आता दर फर्लांगाला फलक आहे. कोठे 'व्हॅली', कोठे 'हिल्स', कोठे 'गार्डन'. मराठी मुलुखात मराठी माणसाला विकायची जमीन, पण नाव इंग्रजी असल्याशिवाय गुंठ्याला भाव येत नाही असे दिसते. प्रत्येक फलकावर एक बंगला, एक हिरवळ आणि मागे पन्हाळगड. त्या चित्रात गाव मात्र कोठेच नाही.

गडावर आम्ही दोन तास होतो. गड कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. शिलाहार राजा भोज याच्या काळापासून नांदता, आणि आजही नांदता. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे, तीन दरवाजा, अंधारबाव हे सारे पाहिले. अंधारबावीची रचना तर पाहण्यासारखी आहे. तळाला पाणी, मधल्या मजल्यावर गडाबाहेर निघण्याची चोरवाट आणि वर पहारेकरी. पाणी आणि पहारा एकाच इमारतीत! बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सगळेच थांबतात. आम्ही शिवा काशीद यांच्या पुतळ्यापाशीही थांबलो. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवराय निसटले, तेव्हा त्यांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती जाणारा हा नाभिक समाजातील तरुण पायथ्याच्या नेबापूरचा. मुलांच्या पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते. आमच्यातील एका ताईंनी मुलांना ती गोष्ट सविस्तर सांगितली आणि शेवटी विचारले, "मग गड कुणी राखला?" मुले गप्प झाली. एकजण म्हणाला, "सगळ्यांनी."

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात पन्हाळा आहे. आनंदाचीच गोष्ट. परंतु गडावर सुमारे तीन हजार माणसे राहतात आणि त्यांना स्वतःची नगरपरिषद आहे. झुणका-भाकरी विकणाऱ्या बाईंनी आम्हाला दही वाढता वाढता विचारले, "आता आमाला हितनं उठवत्यात का वो?" संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, हा नियम २०१० सालच्या दुरुस्तीने कायद्यात आला. घराची गळती काढायची तर कागद, भिंत पडली तर कागद. वारशाच्या यादीमुळे घरे जाणार नाहीत असे सांगितले जाते, तरी माणसांच्या मनातील धास्ती जात नाही. आम्ही कारकून माणसे. साध्या दुरुस्तीच्या अर्जाला किती टेबले लागतात ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्या बाईंना हसण्यावारी नेण्याचे धाडस झाले नाही.

तेव्हा स्थिती अशी. वर गडावर जुन्या रहिवाशाला भिंत बांधायची चोरी, आणि खाली उतारावर परक्याला बंगला बांधायची घाई.

दुपारी त्या गावी पोहोचलो. भाताची कापणी उरकून मळणी चालली होती. बौद्धवाडा गावाच्या पूर्वेला, उताराच्या कडेला आहे. जुन्या गावरचनेप्रमाणे आमच्या लोकांना जी जागा कोणालाच नको होती ती मिळाली. आता तिच्या शेजारून रस्ता गेला, समोर गड दिसतो, वारा येतो. इतकी वर्षे जी 'गावाबाहेरची' होती ती जागा आज 'मोक्याची' झाली आहे. जागा तीच, तिच्याकडे बघणारे डोळे तेवढे नवे.

विहारात बसलो. जयभीम झाले, चहा झाला. मग एका तरुणाने घडी घातलेला एक नकाशा समोर पसरला. वाड्याच्या वरच्या अंगाला सहा एकरांत बासष्ट प्लॉट. जागेवर जाऊन पाहिले तर गवत काढून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या आणि कोपऱ्याला लाल रंगाचे दगड पुरलेले. दोन शेळ्या त्या रेघांवरून चरत होत्या.

नकाशा वाचायला बी.कॉम.ची पदवी लागत नाही, पण आकड्यांची सवय लागते. योजनेचा नऊ मीटरचा रस्ता मुख्य सडकेवरून सरळ बौद्धवाड्यात शिरतो आणि वाड्याची गल्ली तीच त्याची सुरुवात म्हणून दाखविली आहे. प्रत्यक्षात ती गल्ली आठ फुटांची आहे. म्हणजे बाकीचे एकवीस फूट कोठून येणार? दोन्ही बाजूंच्या सोप्यांतून! असा रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. २४० गुंठ्यांत ती २४ गुंठे होते आणि ती नकाशात दाखविलीही आहे; परंतु नेमकी ओढ्याच्या खाचेत, जेथे शेळीसुद्धा जपून उतरते. स्मशानभूमीकडे जाणारी पायवाट मात्र नकाशात नाहीच. तीन प्लॉटांच्या पोटात ती गडप झाली आहे. एक म्हातारे आबा म्हणाले, "आमी मेल्यावर कुठनं जायाचं, ते कुनी लिवलंच न्हाई." सगळे हसले. आबा हसले नाहीत.

डोंगरउताराचा प्रश्न त्याहून मोठा. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट चालून एक फुटाहून अधिक चढावे लागते अशा जमिनीवर, बांधकामाला मनाई आहे. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ते लिहिलेले आहे. वाड्यातील एका गवंड्याने आपली लेव्हलची पाण्याची नळी आणली. वरच्या रांगेत मापून पाहिले, तर वीस फुटांत साडेपाच फूट उतार भरला. दोनदा मापले. गवंडी म्हणाला, "साहेब, हितं घर बसवायचं म्हंजे आदी डोंगर खायाला पायजे." जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला आणि गडाची वाट बंद पडली, हे या लोकांनी दारात उभे राहून पाहिले आहे. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळीये, २०२३ साली इर्शाळवाडी. कारणे प्रत्येक ठिकाणची वेगळी असतील, पण पावसाळ्यात रात्री उताराखाली झोपणाऱ्या माणसाला कारणांची फोड करीत बसता येत नाही.

आणि पाणी. या डोंगरांच्या माथ्यावर जांभा दगड आहे. पठारावर पडलेला पाऊस तो मुरवून घेतो आणि पायथ्याला झऱ्यांवाटे सावकाश सोडतो. वाड्याचा झरा असाच. नळयोजना आली आहे, तीही एक दिवसाआड. खरा आधार झऱ्याचाच. बायकांना विचारले, मे महिन्यात घागर भरायला किती वेळ लागतो? एकीने सांगितले, "भाकरी थापून भाजून हुईस्तवर." दुसरीने नीट सांगितले, चार मिनिटे. पंधरा लिटरची घागर धरली तर तासाला २२५ लिटर आणि अहोरात्र धार लागली तर ५,४०० लिटर. वाड्यात चौतीस घरे, माणसे सुमारे १७०. ग्रामीण पाणीयोजनेचे माप माणशी ५५ लिटर. म्हणजे गरज ९,३५० लिटरची. आजच खात्यात तूट आहे. त्यात बासष्ट बंगले, घरटी चार माणसे धरली तरी १३,६४० लिटर आणखी. बागा, गाड्या धुणे वेगळे. हे लोक पाणी आणणार कोठून? नकाशावर दोन ठिकाणी बारीक अक्षरात 'बोअर' लिहिले आहे, आणि दोन्ही झऱ्याच्या वरच्या अंगाला. आम्ही हा हिशेब विहाराच्या फळ्यावर मांडला. ज्या बाया इतका वेळ मागे उभ्या होत्या त्या पुढे येऊन बसल्या.

आता ती जमीन कोणाची, तेही पाहू. सहा एकरांपैकी बरीचशी गावातील दोन शेतकऱ्यांनी विकली आहे. परंतु खालचा एक एकर तीन गुंठ्यांचा तुकडा आमच्याच लोकांची हाडकी आहे. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नसेल. गावची वेठबिगार करावी, मेलेले ढोर ओढावे, साहेबाच्या घोड्यापुढे धावावे आणि त्या बदल्यात हा दगडगोट्यांचा तुकडा खावा, ती हाडकी-हाडोळा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने मोडून जमिनी रयतावा केल्या, त्या याच मातीत. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणले, त्याला कसा विरोध झाला ते आमच्या वाचकांना सांगायला नको. शेवटी १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. जमीन फेरवाटपात मिळाली तीही नवीन शर्तीने, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता न येणारी. त्या वेळी अनेकांना ही शर्त जाच वाटली. आज त्याच शर्तीच्या आधाराने काही जमिनी वाचल्या आहेत, हेही खरे.

सातबारा आम्ही मोठ्याने वाचला. तेवीस नावे निघाली. दलालाने त्यातील तीन भावांच्या सह्या घेऊन साठेखत केले आहे. नवीन शर्तीचा शेरा कागदावर ढळढळीत असताना! तिघांना मिळालेली इसारपावती आम्ही पाहिली. त्यांच्यातील एकजण समोरच बसला होता. कोणी त्याच्यावर ओरडले, तेव्हा तो उठून म्हणाला, "पोरीचं लगीन काडलंवतं. तवा कोन आलं न्हाई माज्याकडं." यावर कोणापाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. समाज एकत्र यावा असे आपण म्हणतो, पण एखाद्याच्या अडचणीला पाच हजार रुपये गोळा करताना किती दारे लावली जातात, तेही आपण पाहिले आहे.

दलालाने आणखी एक गोष्ट केली आहे. विहाराला संरक्षक भिंत आणि बाबासाहेबांचा पूर्णाकृती पुतळा देऊ, असे त्याने सांगितले आहे. काही तरुणांना हे पटले. एकजण पोटतिडकीने बोलला, "काका, तुम्ही कोल्हापुरात बसून सांगणार विकू नका. आम्हाला इथं काय आहे? प्लॉट झाले तर वॉचमन लागतील, माळी लागतील." आम्ही त्याला विचारले, "तुला प्लॉट घ्यायचा असला तर?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, मित्राकरवी त्याने भाव विचारला होता. आधी भाव सांगितला, आडनाव कळल्यावर सगळे बुक झाले असे उत्तर आले. म्हणजे आपल्या हाडकीवर आपण माळी व्हायचे, मालक व्हायचे नाही. पुतळा मात्र घ्यायचा! ज्या बाबासाहेबांनी वतनाच्या गुलामीवर घाव घातला, त्यांचाच पुतळा वतनाच्या जमिनीच्या सौद्यात घालावा, याला काय म्हणावे? आम्ही तेथे स्पष्ट बोललो. काहींना राग आला असेल, येवो.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. आमच्यातील दोघांनी कोल्हापूरच्या कडेला असेच गुंठे घेऊन घरे बांधली आहेत. शहरात भाड्याने खोली मागताना आडनावावरून किती जिने उतरावे लागतात, ते भोगून झाल्यावर घेतली. त्या गुंठ्यांखालीही कोणाचा तरी मळा होता. तेव्हा घरबांधणीला किंवा प्लॉट पाडण्याला आमचा सरसकट विरोध नाही. वाड्यात एका खोलीत तीन भावांचे संसार आहेत, त्यांना जागा कोणी द्यायची? गावठाणवाढीचा अर्ज हे लोक वर्षानुवर्षे देत आहेत. बासष्ट परक्यांसाठी नकाशा निघतो, बारा गावकऱ्यांसाठी मोजणी निघत नाही.

गायरानाचेही तसेच. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते पडीक आणि गायरान जमिनीसाठीच. त्याआधी १९४७ साली बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्यावी आणि तेथे अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत, अशी घटनात्मक तरतूदच सुचविली होती. ती मान्य झाली नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची दखल घेतली, तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक बांधकामे निघाली आणि कोल्हापूर जिल्ह्यात मोर्चे निघाले. या वाड्यातील चार घरांनाही तेव्हा नोटिसा आल्या होत्या. त्यातील एका घराच्या भिंतीपासून दहा हातांवर आज फक्कीची रेघ आहे.

बिगरशेतीचे नियम अलीकडे वरचेवर बदलतात आणि सैल होतात. तालुक्याच्या कचेरीत आज काय चालते ते उद्याही चालेल असे नाही. म्हणून भाषण पुरे करून आम्ही अर्ज लिहायला घेतला. पहिला मुद्दा झऱ्याचा, हिशेबासह. दुसरा उताराचा, गवंड्याच्या मापासह, आणि शासनाने मोजणी करावी अशी मागणी. तिसरा गल्लीचा, चौथा स्मशानवाटेचा, पाचवा हाडकीवरील नवीन शर्तीचा. सहावा मुद्दा बायकांनी घालायला लावला, गावठाणवाढीची मोजणी आधी करा. अर्जाच्या प्रती चार : ग्रामपंचायत, तहसीलदार, नगररचना कार्यालय आणि विहाराची फाइल. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची, तारखेचा शिक्का नीट उमटला की नाही ते पाहायचे, हे आम्ही दोनदा बजावले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला बायकांनी झाडून जायचे, असे त्यांनीच ठरविले.

सह्या सुरू झाल्या. तेवीस वारसांत सहा नावे बहिणींची आहेत. त्या दिल्या घरी गेल्या म्हणून त्यांना कोणी विचारीत नव्हते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आणि हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे सांगितल्यावर बऱ्याच जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. त्या सहांपैकी एक म्हातारी तेथेच राहते. नवरा गेल्यावर सासरी थारा मिळाला नाही, भावांनी एक खोली दिली. सगळा वाडा तिला आत्या म्हणतो. दलाल तिच्याकडे हक्कसोडपत्र आणि एक नवे लुगडे घेऊन आला होता.

"मग काय म्हणालात आत्या?" आम्ही विचारले.

"म्हनलं, लुगडं ठेव. कागूद घिऊन जा."

"आणि त्यानं ठेवलं?"

"कसलं ठेवतोय! दोनी उचलून गेला."

आत्यांना सही येत नाही असे समजून कोणी शाईची डबी पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली. साक्षरता वर्गात त्या अक्षरे शिकल्या आहेत. चष्मा पुसला, अर्जाच्या चारही प्रतींवर एकेक अक्षर सुटे सुटे काढून पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट. त्याला चांगली दहा मिनिटे लागली. शेवटची एस.टी. वाघबिळाला साडेसहाला होती आणि आमच्यातील लेकुरवाळ्या बाया घाई करू लागल्या होत्या. तरी आत्यांची चौथी सही पूर्ण होईपर्यंत कोणी उठले नाही.

बाहेर आलो तेव्हा उन्हे कलली होती. गड तांबूस दिसत होता. मुले फक्कीच्या रेघांत लंगडी खेळत होती आणि त्यांच्या पायांनी अर्ध्याअधिक रेघा पुसल्या गेल्या होत्या. वाड्यातील एकाने त्यांना हटकले. आत्या दारातून म्हणाल्या, "खेळू दे की. त्येंचीच जागा हाय."